घरातला वजनकाटा : वापरावा कसा, वाचावा कसा

दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील वऱ्हांड्यांतून अथवा करोलबागेतील पदपथांवरून सायंकाळी फेरफटका मारताना एक दृश्य आजही कोठे कोठे दृष्टीस पडते. खांबाला पाठ टेकून एखादा वृद्ध मनुष्य बसलेला असतो आणि त्याच्यापुढे त्याचे सारे भांडवल मांडलेले असते : एक वजनकाटा. येणारे-जाणारे चपला काढून त्यावर उभे राहतात, खाली वाकून आकडा पाहतात, थोडे हसतात किंवा थोडे गंभीर होतात, आणि नाणे ठेवून गर्दीत मिसळतात. रेल्वे स्थानकांवरील रंगीत दिव्यांची ती उंच यंत्रे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. नाणे टाकले की छापील पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य असे. प्रवासी मंडळी वजनापेक्षा भविष्यच अधिक लक्षपूर्वक वाचीत.

गंमत अशी की, त्या तिकिटावरील भविष्य खोटे असले तरी वजनात मात्र भविष्याचा काही अंश खरोखरच दडलेला असतो. अट एवढीच, की ते वजन कसे घ्यावे आणि कसे वाचावे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आज वजनकाटा पदपथावरून आणि फलाटावरून उठून आपल्या घरात आला आहे. न्हाणीघराच्या दाराशी किंवा पलंगाखाली तो पडलेला असतो. पाहुण्यांची मुले त्यावर उड्या मारतात, सणासुदीनंतर मोठी माणसे त्याला भितात, आणि पुष्कळ घरांत काही दिवसांच्या उत्साहानंतर त्यावर धूळ साचते. ही उपेक्षाही बरी नव्हे आणि दिवसातून चार वेळा त्यावर चढण्याचा ध्यासही बरा नव्हे.

तुलेपासून काट्यापर्यंत

माणसाला तोलण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगी शिवाजी महाराजांची तुला झाली, ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोगल बादशहांना वाढदिवशी सोन्यारुप्याने तोलीत. १६१७ साली मांडू येथे जहांगीरचा असा सोहळा इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याने पाहिला होता. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील खास महालात संगमरवरी जाळीवर न्यायाचा तराजू कोरलेला आहे, तोही पाहण्यासारखा आहे. त्या काळी राजा जड भरला तर प्रजेला आनंद होत असे, कारण दान अधिक मिळे!

आरोग्यासाठी स्वतःला तोलण्याचा उद्योग मात्र इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरियो याने केला. मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो वर्षानुवर्षे स्वतःचे, आपल्या अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन करीत राहिला, आणि १६१४ साली त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच्या ध्यानात आले की, खाल्लेल्या-प्यालेल्या पदार्थांच्या वजनापैकी बराचसा भाग डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जातो. श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. रात्री निजताना घेतलेले वजन सकाळी उठल्यावर कमी का भरते, याचे मोठे कारण हेच होय. रात्रीच्या झोपेत कोणाची चरबी किलोभर वितळत नसते.

आपल्या देशात शेर, छटाक आणि मण यांचा व्यवहार संपून किलोग्रॅमचा आरंभ झाला तो १९५६च्या कायद्यानंतर, १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने. नव्या दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल जपून ठेवलेला आहे. त्याचा क्रमांक ५७. भारतातील किलोग्रॅमचे राष्ट्रीय मानक ते हेच. पुढे २० मे २०१९पासून जगाने किलोग्रॅमची व्याख्याच बदलली आणि ती धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातील एका स्थिरांकावर बसविली. इतक्या काळजीने जपलेल्या या मापाचा घरी वापर करताना आपण मात्र काटा मऊ गालिच्यावर ठेवतो आणि हातात चहाची कपबशी घेऊन त्यावर उभे राहतो!

वजन घ्यावे कसे

दुकानातील तराजूची सरकारी तपासणी होते आणि त्यावर मुद्रा उमटते. घरच्या काट्याकडे निरीक्षक येत नाही. तेथे निरीक्षक आपणच. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

काटा कठीण आणि सपाट फरशीवर ठेवावा. गालिचा, सतरंजी अथवा उंचसखल लादी यांवर ठेवल्यास आकडा चुकतो. जागा एकदा ठरविली की बदलू नये. तबकडीचा काटा असेल तर त्याच्या आत स्प्रिंग असते आणि ती कालांतराने सैल पडते. म्हणून चढण्यापूर्वी सुई शून्यावर आहे की नाही हे पाहावे, नसल्यास बाजूचे चाक फिरवून ती आणावी. विजेरीच्या काट्यात भाराने किंचित वाकणारे धातूचे संवेदक असतात; विजेरी क्षीण झाली की तोही चुकू लागतो. परीक्षा घेण्याची एक सोपी रीत अशी : घरात दहा किलो कणकेची न फोडलेली पिशवी आली की प्रथम स्वतः काट्यावर उभे राहावे, नंतर ती पिशवी हातात घेऊन उभे राहावे. दोन्ही आकड्यांत दहा किलोंच्या आसपास फरक आला तर काटा विश्वासू समजावा.

वेळ एकच असावी. सर्वांत उत्तम वेळ सकाळची, शौचमुखमार्जनानंतर आणि न्याहारीपूर्वी. कपडे हलके आणि दर वेळी साधारण सारखेच असावेत. दिल्लीच्या जानेवारीत स्वेटर, शाल आणि मोजे यांसह घेतलेल्या वजनाची मे महिन्यातील वजनाशी तुलना करून हर्ष मानणे ही स्वतःचीच फसवणूक होय. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन स्थिर उभे राहावे. तसेच काटाही एकच असावा. घरचा काटा, शेजाऱ्यांचा काटा आणि दवाखान्यातील काटा यांत किलो-अर्ध्या किलोचा फरक असू शकतो. आपल्याला कळावयाचे असते ते वजन वाढते आहे, घटते आहे की स्थिर आहे एवढेच. आणि ते एकाच काट्यावर नीट कळते.

आकडा का हलतो

सोमवारी ६४.२, मंगळवारी ६५.१ आणि बुधवारी ६४.४ असे आकडे पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. वस्तुतः यात घाबरण्यासारखे काही नाही. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. लग्नाच्या पंगतीत खारट, तेलकट पदार्थ झाले की मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. साखर आणि पिष्टमय पदार्थ यकृतात व स्नायूंत साठतात, तेव्हा ते आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी सोबत बांधून घेतात. स्त्रियांच्या मासिक पाळीच्या सुमारास काही दिवस वजन वाढलेले दिसते. बद्धकोष्ठानेही आकडा चढतो. या सर्व कारणांनी दिवसागणिक किलो-दीड किलोचा चढउतार निरोगी माणसातही होतो.

उलट, एक किलो चरबी साठण्यास गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी अधिक पोटात जाव्या लागतात. दिवाळीच्या फराळाच्या एका सायंकाळी ते साधत नाही. तसेच दिल्लीच्या उन्हाळ्यात तासभर घाम गाळून काट्यावर किलो कमी दिसला, तर ती चरबी नव्हे, पाणी होय. दोन पेले पाणी प्याले की त्यातला अर्धा किलो परत येतो आणि तो यावयासच हवा. घाम काढून अथवा पाणी तोडून वजन उतरविण्याचा प्रयत्न निरर्थक तर आहेच, पण कडक उन्हाळ्यात धोक्याचाही आहे.

म्हणून एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नये. आठवड्यांच्या ओळीला द्यावी. आठवड्यातून एक वार ठरवून त्या सकाळी वजन घ्यावे. ज्यांना रोज घेतल्याने मनस्ताप होत नाही, त्यांनी रोज घेऊन सात दिवसांची सरासरी काढावी. एक साधी वही, तारीख आणि आकडा, एवढे साहित्य पुरे. दुधाचा आणि वाण्याचा हिशेब ज्या घरात लिहिला जातो, तेथे हा हिशेब जड जाऊ नये. अमेरिकेत १९९४पासून अशा लोकांची एक नोंदणी चालविली जाते, ज्यांनी पुष्कळ वजन उतरवून ते पुन्हा वाढू दिले नाही. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन घेतात, असे आढळले. एकट्या काट्याने ही किमया केली असे यावरून सिद्ध होत नाही. पण वजन पुन्हा चढू लागले तर दोन किलोंवरच ते ध्यानात यावे, बारा किलोंवर नव्हे, हा लाभ उघड आहे.

किती असावे

वजन किती असावे, हा प्रश्न उंचीवाचून विचारता येत नाही. बेल्जियमचा शास्त्रज्ञ केटले याने एकोणिसाव्या शतकात सुचविलेला हिशेब आजही चालतो : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उदाहरणार्थ, उंची १.६० मीटर आणि वजन ६२ किलो असेल, तर १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, आणि ६२ भागिले २.५६ म्हणजे सुमारे २४.२. जगात सर्वसाधारणपणे २५पर्यंतचा अंक ठीक मानतात. परंतु भारतीयांसाठी आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली ही मर्यादा खाली आणली. १८ ते २२.९ हा अंक योग्य, २३पासून वजन अधिक, आणि २५पासून स्थूलता. म्हणजे वरील गृहस्थांना परदेशी कोष्टकात शाबासकी मिळेल, पण भारतीय कोष्टकात सूचना मिळेल.

असे का? याचे मोठे बोलके उदाहरण पुण्यातूनच मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही अंक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची भरली ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांची २१.२ टक्के! काटा दोघांविषयी एकच गोष्ट सांगत होता, शरीरे मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी अधिक, तीही पोटाभोवती, अशी ठेवण पुष्कळदा आढळते आणि मधुमेहाला ती वाट करून देते.

यावरून कोणी काटा फेकून देऊ नये. त्याला एक सोबती द्यावा. हा सोबती म्हणजे शिंप्याची फीत. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून, फीत न आवळता पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा समजावी. महिन्यातून एकदा हे माप वजनाशेजारी लिहावे. चालणे आणि व्यायाम सुरू केल्यावर कधी कधी वजन हलत नाही, पण घेर उतरतो. त्या वेळी काटा निराश करतो आणि फीत धीर देते. शरीरातील चरबीची टक्केवारी सांगणारे नवे विजेरी काटेही मिळतात. त्यांचा आकडा अंदाजाचाच समजावा. हृदयगतीचे यंत्र शरीरात बसविलेल्यांनी असे काटे वापरू नयेत, कारण ते अंगातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात.

प्रश्न केवळ रूपाचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्लीतील ४१.३ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष अधिक वजनाचे अथवा स्थूल आढळले. आणि तेही २५ हा अंक धरून. त्याच पाहणीत साऱ्या देशातील १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश आढळल्या. एकाच देशात, कधी एकाच गल्लीत, दोन्ही दुःखे शेजारी नांदत आहेत. काटा दोघांच्याही उपयोगाचा आहे, हे विसरू नये.

काट्याने दिलेली हाक

येथे आमच्या परिचयाच्या, दिल्लीत पहाडगंजच्या बाजूस राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची हकीकत सांगणे योग्य होईल. घरातील कर्त्या गृहस्थांना डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले, म्हणून काटा आणला गेला. सूनबाई व्यवस्थित. दर रविवारी सकाळी घरातील प्रत्येकाचे वजन त्या वहीत लिहीत. तीन महिन्यांनी गृहस्थ दोन किलो उतरले आणि त्याचा घरभर गाजावाजा झाला. त्याच काळात अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई ५८ किलोंवरून ५४ किलोंवर आल्या होत्या. “आई, स्पर्धेत तुम्हीच पहिल्या आलात!” असे म्हणून सारे हसले आणि त्याही हसल्या.

रात्री वही मिटताना सूनबाईंच्या मनात मात्र शंका आली. आईंनी ना आहार कमी केला होता, ना चालणे वाढविले होते. मग हे चार किलो गेले कोठे? विचारपूस करता कळले की, त्या रात्री तीन-चार वेळा उठतात, तहानही फार लागते. पण “म्हातारपणी असे व्हायचेच,” म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले, तो रक्तातील साखर फारच वाढलेली. उपचार वेळेवर सुरू झाले. आज त्या माउलींची प्रकृती सुधारली आहे आणि रविवारी काट्यावर पहिला मान त्यांचाच असतो.

यातील बोध प्रत्येक घराने घ्यावा. कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलोंनी उतरले, तर ते अभिनंदनाचे नव्हे, तपासणीचे कारण आहे. मधुमेह, क्षय, कंठस्थ ग्रंथीचा विकार, कर्करोग, मनाचा विषाद, किंवा साधे दातांचे दुखणेही त्यामागे असू शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप आणि त्याबरोबर घटते वजन असेल, तर क्षयाची तपासणी करून घेण्यास मुळीच विलंब लावू नये. उलट, ज्यांचे हृदय दुर्बळ आहे त्यांच्या वजनात दोन-तीन दिवसांत दोन किलोंची वाढ झाली, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असण्याचा संभव असतो. पायांवर सूज किंवा धाप असो वा नसो, डॉक्टरांना लगेच कळवावे. अशा रुग्णांनी मात्र रोज सकाळी वजन घेणे हिताचे.

काटा कोठे नको

मुलांचे वजन मोठ्यांच्या कोष्टकाने जोखू नये. त्यांच्यासाठी वय आणि उंची ध्यानात घेऊन केलेले वाढीचे तक्ते अंगणवाडीत आणि दवाखान्यात असतात. वाढत्या मुलाचे वजन थांबणे ही देखील धोक्याची खूण असते. गर्भवतीने वजन उतरविण्याचा विचारही करू नये; तिचे वजन वाढावयासच हवे आणि किती वाढावे हे तिच्या तपासणीत ठरते.

विशेष जपावयाचे ते वयात येणाऱ्या मुलामुलींना. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मुलीला काट्यावर उभे करणे, तिचा आकडा मोठ्याने वाचणे, “लग्न कसे जमायचे?” असे बोलणे हा क्रूरपणा आहे, मग तो थट्टेने केलेला का असेना. अशा बोलण्याने जेवण टाकणारी, चोरून खाऊन चोरून ओकणारी मुले आपल्या समाजातही आहेत. आपल्या घरात कोणी वारंवार काट्यावर चढत असेल, आकडा पाहून रडत असेल, पानावरून उठून जात असेल, तर काटा काही काळ कपाटात ठेवावा आणि त्या मुलाला प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे. काटा वजन सांगतो. माणसाची योग्यता सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

ज्यांना खरोखरच वजन उतरवावयाचे आहे, त्यांनी घाई करू नये. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, हा वेग पुरे. ऐंशी किलोंच्या माणसाने चार किलो जरी टिकवून उतरविले, तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर त्याचा इष्ट परिणाम होतो. पानातील भाजी आणि डाळ वाढवावी, तळण आणि गोड कमी करावे, रोज अर्धा तास चालावे. हिवाळ्यात दिल्लीची हवा धुरकट असेल त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. हे सारे काम आपले आहे. काट्याचे काम केवळ त्याची साक्ष देण्याचे.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी पलंगाखालचा काटा बाहेर काढा, धूळ पुसा, सपाट फरशीवर ठेवा आणि सुई शून्यावर आणा. वहीचे एक पान उघडून घरातील प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव त्यावर लिहा. विशेषतः त्या माणसाचे, जे सर्वांना वाढून शेवटी जेवते आणि ज्याच्या प्रकृतीची विचारपूस करावयाची राहून जाते.